दौंडची बुटकी हवा

हवेच्या खात्यात किस्से फार साठतात, आणि त्याला कारण आहे. फुगा सोडला की तो वर जाऊन फुटेपर्यंत रिसीव्हरपाशी बसून कागदावरच्या रेघा बघत राहायचं. माणूस तोंड मिटून बसणार तरी किती वेळ?

आमचं काम सांगायला सोपं. उन्हानं जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर चढते आणि एका उंचीवर जाऊन थांबते. ती उंची रोज दुपारी मोजायची. अशी वर्षानुवर्षं मोजायची आणि ती बदलते का ते बघायचं. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास मी शिरूरला होतो आणि माझा जोडीदार गायकवाड दौंडकडे, कालव्याकाठच्या एका गावात.

लोक विचारायचे, "मोजून काय करता?"

आम्ही सांगायचो, "वहीत लिहितो!"

* * *

फुग्यात हायड्रोजन भरायचा. एकदा शिरूरला नवे हवालदार चौकशीला आले, तोंडात पेटती विडी. मी ओरडलो, "अहो हवालदार, विडी! भडका उडेल!"

माणूस समजूतदार. त्यांनी ताबडतोब विडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"धरा जरा," म्हणाले. "मी आत बघून येतो!"

* * *

फुगा फुटला की त्याला बांधलेली यंत्राची डबी छोट्या छत्रीनं कुठंही उतरायची. डबीवर चिठ्ठी असायची, 'सापडल्यास शिरूर केंद्रात आणून द्यावी.' एक डबी वढू बुद्रुकच्या शिवारात पडली. तिथल्या एक मावशी एस.टी.नं ती घेऊन आल्या. मी खूश! यंत्र पुन्हा वापरता येणार होतं.

बघतो तर डबी लखलखीत, आणि आत काहीच नाही.

"मावशी, आतलं कुठंय?"

"आरं बाबा, चिखलात पडली व्हती. आत नुसतं तारांचं जंजाळ! समदं उपसून काढलं आन् राखेनं घासली. आसली घाण सरकारला कशी द्यायची?"

मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार?

* * *

आता गायकवाडचं. माणूस कमी बोलणारा, कामाला चोख. नोकरी मात्र टेम्पररी. घराण्यात सरकारी पगार आणणारा तो पहिलाच, आणि बायको-मुलांना नुकतंच केंद्राशेजारी राहायला आणलेलं. नेमके त्याचेच आकडे दरसाल खाली! शिरूरची हवा होती तिथंच, दौंडची बुटकी होत चाललेली. पुण्याहून पत्र आलं, 'आकडे संशयास्पद. झाडाखाली बसून लिहिता काय? खुलासा करावा.'

गायकवाड शेजारच्या मळ्यातल्या आबांकडे गेला. आबांची अख्खी हयात त्या रानात गेलेली.

आबा म्हणाले, "कालवा आला, ऊस आला, समदं रान भिजलं. भिजलेली भुई तापंल कशी? पयलं दुपारच्या वावटळी उठायच्या, आता न्हाईत. घारीबी खालनंच घिरट्या घालत्यात. बघ की!"

गायकवाडला ते पटलं. त्यानं प्रामाणिकपणे सगळं खुलाशात लिहिलं. घारींसकट!

उलट टपाली उत्तर आलं, 'घारींचे मत ग्राह्य धरता येत नाही. साहेब तपासणीस येत आहेत. आकडे खोटे आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.'

गायकवाड ते पत्र घेऊन शिरूरला माझ्याकडे आला. मी वाचून खो-खो हसलो. मग गायकवाडच्या तोंडाकडे बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली.

* * *

साहेब जीपनं आले. साक्षीला म्हणून मलाही शिरूरहून बोलावलेलं. त्यांनी गायकवाडला कशाला हातसुद्धा लावू दिला नाही. फुगा साहेबांचा, डबी साहेबांची, रिसीव्हरही पुण्याहून बरोबर आणलेला. भर दुपारी घाम निथळत साहेब स्वतः रेघा बघत बसले. गायकवाड बाजूला उभा होता. त्याची बायको दारातून बघत होती.

आकडा निघाला. गायकवाडनं आजवर लिहिलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा खाली!

साहेबांनी गणित पुन्हा केलं. तेवढंच आलं. तिसऱ्यांदा केलं. मग चष्मा पुसला, जीपच्या ड्रायव्हरला पाणी आणायला पिटाळलं आणि हळूच म्हणाले, "गायकवाड, हे असं वर पाठवलं तर खुलासा मलाच मागतील हो! थोडं वाढवून लिहा."

गायकवाडनं वही आणली, आजचं पान उघडून साहेबांपुढं ठेवली आणि वर पेन ठेवलं.

"तुम्हीच लिहा साहेब," तो म्हणाला. "आज मोजलंय तुम्ही."