शेजाऱ्याला पत्ता लागत नाही

माझं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. ते बाबांना समजावं म्हणून मी लालबागच्या आमच्या पाडलेल्या चाळीचाच दाखला दिला. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची खोली, दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं नाही. सगळ्यांच्या उपयोगाचा कोड म्हणजे गॅलरी. खुशाल वापरा, पण खिळा ठोकू नका. एक प्रोग्राम मेला तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही, हे मी ऐटीत सांगितलं.

“चाळीत मयत उचलेपर्यंत कुणाच्या घरी चूल पेटायची नाही,” बाबा एवढंच म्हणाले.

परवा या नव्या टॉवरच्या खिडकीतून खाली शववाहिनी दिसली, तेव्हा कळलं, भिंतीपलीकडचे काका पहाटेच गेले होते. डोंबलाची माझी ऐट! आमचा कुकर शिट्ट्या देत होता. बाबांनी उठून गॅस बंद केला.