एक हात मार

वडशाचा पत्रू पेंटर झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचा. जंगलाचा पडदा रंगवावा तर पत्रूनंच, असं लोक म्हणत. पण हे मूल गावच्या इसरू पेंटरसमोर बोलायची सोय नव्हती, तोही जंगलच रंगवायचा. तीस वर्षं दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. यानं एक मोर काढला की त्यानं दोन काढायचे. त्याच्या पडद्याला टाळी पडली की याला जेवण गोड लागत नसे.

यंदा दिवाळीआधी इसरूची पोरगी उर्वशी गुंडाळलेला पडदा घेऊन पत्रूच्या दारात उभी. बाबांना लकवा मारला, उजवा हात गेला, म्हणाली. पडदा अर्धाच झालाय आणि नाटक मंडळी खोळंबलीय. बाबा एवढंच बोलले, "पत्रूले म्हण, एक हात मार."

झालं! पत्रूचं डोकंच गरगरलं. पेंटरच्या बोलीत हात मारणं म्हणजे थर देणं. पण कशाचा? पडदा पुसायचा तर चुन्याचा हात, पुरा करायचा तर रंगाचा. इसरूला काय हवं होतं? पुसला तर लोक म्हणतील, पत्रूनं डाव साधला. पुरा केला आणि फसला, तर म्हणतील मुद्दाम बिघडवला. फोनवर विचारलं तर इसरूची जीभ जड. पुन्हा तेच, एक हात मार.

तीन दिवस चुन्याची बादली आणि रंगाचे डबे शेजारी शेजारी. बायको केसरबाई वैतागली, एक काहीतरी ठरवा म्हणाली. चौथ्या दिवशी ब्रश चुन्यात बुडवून पत्रू अर्ध्या पडद्यावरच्या इसरूच्या वाघासमोर उभा राहिला. वाघ असा जिवंत, की हात वर जाईना. लेकाचा वाघ काढतो खरा, असं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. चुना बाजूला सारला आणि उरलेल्या जागेत नाला, बांबू, पाण्यावर वाकलेलं हरीण काढलं. जीव ओतून काढलं.

पत्रूनं पाठवलेला पडद्याचा फोटो उर्वशीनं बाबांना दाखवला आणि पत्रूला फोन लावला. काय म्हणाले, पत्रूनं विचारलं. पोरगी अडखळली.

"बाबा म्हणते, हरीण माह्याच हातचं आहे. वाघ मात्र पत्रूनं झकास काढला."

"नाई, बाई..." म्हणता म्हणता पत्रूची नजर हरणावर गेली.

फोन ठेवून तो पडद्याजवळ गेला. हरणाच्या मानेचा बाक बघितला. बाक इसरूचाच होता. तीस वर्षं कुरघोडी करता करता तो कधी आपल्या हातात उतरला, कोण जाणे. खालच्या कोपऱ्यात नाव घालायचं राहिलं होतं. कुणाचं घालावं हे न सुचून तो ब्रश घेऊन तिथंच बसून राहिला.