सुई ओवता येते ना?

आमच्या शिंप्याच्या घरात डोळे तपासायची एकच रीत होती. कोणी दिसत नाही म्हणालं की त्याच्या हातात बारीक सुई आणि दोरा द्यायचा. ओवली तर डोळे शाबूत, नाही ओवली तर म्हातारपण आलं. धारच्या दरबाराचे अंगरखे आमच्याकडे शिवले जायचे. थोरले दादा कापड बेतायचे, मी शिवायचो. मला तिशीही लागली नव्हती, तेव्हा दिवेलागणीला चिमणीभोवती रंगीत कडी दिसू लागली आणि भर दुपारी ओसरीच्या खांबाला खांदा आपटू लागला. "भावजी, खांब काल इथे नव्हता वाटतं," वहिनी म्हणायच्या. मी सुई ओवून दाखवली, तीही पहिल्या झटक्यात. सगळे हसले, मीही हसलो.

तरी दादा मला इंदूरला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने माझ्या मिटलेल्या पापण्या दोन बोटांनी दाबून पाहिल्या, आंबा पिकलाय का ते पाहतात तशा. मग थेंब घालून मला डोळे मिटून बसवलं आणि दादांना बाहेर ओसरीवर नेलं. परतताना गाडीत दादा म्हणाले, "मोतीबिंदू आहे. अजून कच्चा आहे, पिकला की काढतील. तोवर शिव निवांत." मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पुढे काही विचारलंच नाही. थेंबांची बाटली संपली, ती पुन्हा आली नाही.

दोन दसरे गेले. मी पिकायची वाट बघत शिवत होतो. एक दिवस उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो मिटला, तर डाव्याने काहीच दिसेना. घाबरून मी एकटाच त्या डॉक्टरकडे गेलो. तो भडकलाच.

"दो बरस कहाँ थे, भिया? तुम्हारे भाई को साफ बोला था, ये काला मोतिया है, रुकना मत. ये पकता नहीं."

काळा मोतिया म्हणजे काचबिंदू. डोळ्यातलं पाणी तुंबतं, त्याचा दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. मधली नजर शेवटपर्यंत राहते, म्हणून सुई ओवता येते आणि खांब दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते. हे सगळं त्याने दादांना सांगितलं होतं. उजव्या डोळ्यातल्या पाण्याला वाट करून द्यायला त्याने बारीक छेद घेतला. ताटाएवढं जग माझ्या वाट्याला उरलं.

घरी येऊन मी दादांना विचारलं. ते कात्रीकडे बघत म्हणाले, "दसरा तोंडावर होता. तू महिनाभर पडून राहिला असतास तर दरबाराचं काम दुसऱ्याच्या घरी गेलं असतं. दसरा झाला की सांगणार होतो."

"आणि दसरा झाल्यावर?"

"तू सुई ओवत होतास की रे."

ज्यांनी माझ्या हातात पहिली सुई दिली, त्यांनीच केसाने गळा कापला. मी देवासला बहिणीकडे निघून आलो. तिथे थोरली पाती, धाकटी पाती, असे दोन दरबार, त्यामुळे एका डोळ्याच्या शिंप्यालाही काम मिळालं. दादांना मी पत्र पाठवलं नाही.

काही वर्षांनी दादा स्वतःच आले. दिव्याभोवती कडी दिसतात म्हणाले. माझ्या पेटीतली सुई घेऊन त्यांनी माझ्यासमोर ओवली, पहिल्या झटक्यात, आणि माझ्यापुढे धरली.

"तुला काय वाटतं?"

"मोतीबिंदू असेल," मी म्हणालो. "कच्चा आहे. पिकू द्या."

दारात उभ्या बहिणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. दादांना मात्र कळलं. ते सुई हातात धरून रडू लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जेवणं होईपर्यंत मी त्यांना तसंच बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडीत घालून इंदूरला नेलं. डॉक्टरने त्यांचे डोळे दाबून पाहिले, थेंब घालून मिटायला सांगितलं आणि मला बाहेर ओसरीवर बोलावलं.

मी जागचा हललो नाही. म्हणालो, "जो बोलना है, इनके सामने बोलो."