खात्री नसलेला आवाज

“एवढं एआय-बीआय शिकवून शेवटी सरकारी कारकूनच केलंत की तिला,” समोरच्या बर्वेकाकू आईला म्हणाल्या. मी खाली जाऊन रिक्षात बसले असं त्यांना वाटलं होतं. मी जिन्याच्या वळणावर बॅगेची अडकलेली चेन ओढत उभी होते.

“हो ना,” आई म्हणाली. बास. पुढे सांगायची तिला मुभा नव्हती, आणि पुढचं तिला माहीतही नव्हतं. दिल्लीत, सरकारी, कॉम्प्युटरचं काम, एवढंच बाहेर सांगायचं असं घरात ठरलं होतं. रिक्षा पुण्याच्या खडकी बाजारातून स्टेशनकडे निघाली. बाबा शेजारी बसले होते. ते सगळी नोकरी इथल्या दारूगोळा कारखान्यात करून निवृत्त झाले. तिथे नक्की काय बनवता, असं लहानपणी विचारलं की म्हणायचे, “कामाचं कामावर.” त्या दिवशी फलाटावरही तेच म्हणाले. फक्त या वेळी ते उत्तर नव्हतं, मला दिलेली सूचना होती.

माझ्या कॉलेजच्या वर्गातल्या तुम्ही बहुतेकजणी त्याच वर्षी घराबाहेर पडलात. कोणी सिअ‍ॅटलला, कोणी बंगळुरूला, कोणी नुसती औंधातून खराडीला. तुमचे विमानतळावरचे फोटो आले, नव्या ऑफिसातले गळ्यात कार्ड घातलेले फोटो आले. माझा एकही आला नाही. मी माणूसघाणी झाले, असं ग्रुपवर एक-दोघींनी लिहिलंही. मी ज्या खात्यात आहे त्याचं नाव इथेही लिहिणार नाही. देशासाठी गुप्त माहिती गोळा करणारं एक खातं, एवढं पुरे. खाली जे प्रकरण येतं त्याचे तपशीलही बदलले आहेत.

निवड झाली तेव्हा आमच्याकडे गंमत झाली होती. नेमणुकीआधी माझी चौकशी करायला साध्या कपड्यातला एक माणूस सोसायटीत आला आणि थेट बर्वेकाकूंच्या दारात गेला. मुलगी कशी आहे, कुणाकुणाबरोबर असते, घरचे कसे आहेत? काकूंना वाटलं स्थळाची चौकशी. त्यांनी त्याला चहा पाजला आणि मन लावून माझी वकिली केली: मुलगी शांत आहे, स्वयंपाकाची आवड नाही पण शिकेल, आणि पत्रिकेचं तुम्ही मनावर घेत नाही ना? पुढे कित्येक महिने त्या आईला विचारत होत्या, “त्या स्थळाचं काय झालं हो? होकार-नकार काहीतरी कळवायची पद्धत असते.”

मुलाखतीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर बरंच विचारलं. पण ज्यावरून माझं ठरलं ते वेगळंच असावं. पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी शेवटी विचारलं, “आप कम बोलती हैं?” मी मान हलवली. “अच्छा है,” ते म्हणाले. इंग्लिश मीडियमच्या शाळेत बारा वर्षं ‘पार्टिसिपेट्स लेस इन क्लास’ असा शेरा घेऊन घरी येणाऱ्या मुलीला हे केवढं वाटलं असेल बघा. माझा दोष कुणाला तरी हवा होता.

काम मला आवडलं. फोनवरचे दोन आवाज एकाच माणसाचे आहेत का, हे ओळखणारं मॉडेल बनवायचं. पण तुम्हाला जे हाताशी असतं त्यातलं काहीच आमच्याकडे नाही. फोन फाटकावरच्या लॉकरमध्ये. खोलीत इंटरनेट नाही. बाहेरचा एखादा नवा पेपर किंवा कोड हवा असेल तर अर्ज करायचा. मागवलेलं दुसऱ्या विभागात तपासलं जाऊन डिस्कवर येतं, तोवर बाहेर त्याच्याही पुढचं काही आलेलं असतं. आपण आत गंजतोय ही भीती माझ्या वयाच्या सगळ्यांना होती. लखनौची निधी माझ्या शेजारी बसायची. ती सोडून गेली तेव्हा आत केकला परवानगी नव्हती, फोटोचा प्रश्नच नव्हता. निरोपसमारंभ लॉकरच्या रांगेसमोर उभ्याउभ्या झाला. “नव्या कंपनीला काय सांगणार, काय काम केलंस?” मी विचारलं. ती म्हणाली, “सांगेन की तीन वर्षं आजारी होते.”

मी राहिले होते. मग ते प्रकरण आलं.

दोन रेकॉर्डिंग आली, एक संशयिताचं आणि एक ओळख पटवायच्या माणसाचं. मॉडेलने आवाज जुळतात असं सांगितलं, आकडाही मोठा दिला. मला तो फार सहज मिळाल्यासारखा वाटला. मी त्याच लाइनवरचे दुसऱ्याच माणसांचे आवाज घालून पाहिले, तर तेही जुळले. म्हणजे मॉडेल माणसाचा गळा ओळखत नव्हतं, लाइनची खरखर ओळखत होतं. मी टिपणात स्पष्ट लिहिलं: शक्यता आहे, खात्री नाही, यावर अवलंबून राहू नये.

आठवड्याने लिफ्टमध्ये एक अधिकारी कौतुकाने म्हणाले, “आपकी मशीन ने तो पकड़ ही लिया!” वर जो कागद गेला त्यात ‘ओळख पटली’ असं होतं. आमच्याकडे काम तंत्रज्ञ करतो, पण वर जाणारं टिपण दुसऱ्याच खात्यातून बदलून आलेला अधिकारी आपल्या सहीने लिहितो, आणि माझ्यासारख्या करारावरच्या माणसाला वरच्या बैठकीत बसता येत नाही. सही आमच्या साहेबांची होती. मी त्यांच्याकडे गेले. सक्सेनासाहेब माणूस वाईट नाही, माझ्या आईची तब्येत नियमाने विचारतात. “बेटा,” ते म्हणाले, “ऊपर परसेंट नहीं चलता. हाँ या ना चलता है. अभी सिर्फ निगरानी है, घबराओ मत.” आज पाळत, उद्या त्या माणसाच्या दारावर थाप पडू शकत होती. मी मान हलवली आणि रजेचा अर्ज दिला.

पुण्यात खराडीच्या एका कंपनीत मुलाखत दिली. “तीन वर्षं नक्की काय केलंत?” “आवाजावर काम.” “अजून?” “सांगता येणार नाही.” समोरचा हसला. “वा. पगारी मौनव्रत.” तरी ऑफर आली, सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. आईने माझ्या खोलीतले ट्रंकांचे ढीग हलवले, पडदे धुतले. जेवताना बाबांनी ताटातून मान वर न करता विचारलं, “थकलीयेस का घाबरलीयेस?”

“अहो, येऊ दे ना तिला सुखाने,” आई म्हणाली. “तुमचं काय मध्येच?”

“मी कुठे नको म्हणतोय? विचारलं फक्त.”

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. दोघांनी पुन्हा विचारलं नाही. खडकीचं ते घर मला पूर्वी ओळखीच्या वासांचं, जिन्यातल्या आवाजांचं वाटायचं. आता वाटतं, मी गप्प बसले तरी जिथे कुणाचं काही बिघडत नाही, ती जागा म्हणजे घर. अशी जागा असणं फार मोठी गोष्ट आहे. पण दिल्लीतल्या त्या खोलीत ही सवलत मला नव्हती, आणि हे त्या ताटावरच कळलं.

सोमवारीच दिल्लीत बैठक होती. तरुण तंत्रज्ञ खातं का सोडतात, हे विचारायला वरून तीन ज्येष्ठ लोक येणार होते. सक्सेनासाहेबांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं: पगार, घरभाडं, कॅन्टीन, यावर बोला. माझ्याकडे बघून म्हणाले, “ये तो वैसे भी कुछ नहीं बोलेगी.” सगळे हसले, मीही हसले. टेबलाभोवती एकेकजण बोलत गेला. पगार. घरभाडं. कुणीतरी इंटरनेट म्हणालं तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खराडीचं उत्तर अजून दिलेलं नव्हतं. मधल्या खुर्चीतल्या बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, पगार वाढवला तर तुम्ही थांबाल का?

साहेब पाण्याचा ग्लास हातात घेऊन थांबले. हिंदी जुळवायला मला वेळ मिळाला नाही, शाळेतलं इंग्रजीच तोंडात आलं. मराठीत सांगायचं तर मी म्हणाले, “मॅडम, पगाराचं राहू द्या. गेल्या महिन्यात तुमच्याकडे ‘ओळख पटली’ असं आलं, ते मी लिहिलेलं नाही. मी ‘खात्री नाही’ असं लिहिलं होतं, आणि आजही मला खात्री नाही. हे आधी माझ्या नावाने लिहून घ्या. थांबायचं की जायचं, ते त्यानंतर सांगते.”