पेकानची सात झाडं

ओमानला नोकरीसाठी निघताना देवगडच्या एसटी स्टँडवर अण्णा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "आता तुका मी काय सांगूचा?" दुसऱ्यांच्या बागांत आंब्याची कलमं बांधून त्यांनी मला बागायतीची पदवी घ्यायला लावली. घरातला पहिला पदवीधर मी.

ओमानात थंडी असते म्हटलं की गावाकडचे तुम्ही हसता, इथल्या किनाऱ्यावरच्या बरका गावातले मित्रही हसतात. जानेवारीत जबल अख्दरच्या डोंगरावर या. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा असतो आणि कोरड्या हवेनं ओठ फुटतात. इथे माझ्या अर्बाबनी, म्हणजे मालकांनी, मोठ्या हौसेनं पेकानची आठ रोपं लावली. पेकान म्हणजे अक्रोडाचा लांबट, गोड भाऊ.

पहिल्याच हिवाळ्यात सगळी पानं गळाली. पुढे जर्दाळू फुलला, डाळिंब पालवलं, अक्रोडही हिरवा झाला. पेकानच्या मात्र नुसत्या काठ्या. आमचा आंबा कधी असा उघडा पडत नाही. अर्बाब म्हणाले, "तुम पढा-लिखा आदमी. तुम बोलो."

मी बोललो, "खलास."

आणि एक रोप उपटलं. हाताएवढं लांब मूळ मध्येच तुटलं. आतून पांढरं, ओलं, जिवंत.

उरलेली सात दुपारी काढायची ठरली होती. मी अण्णांना फोन लावला.

"पानां नाय म्हणून झाड मेला?" अण्णा म्हणाले. "नखान साल खरवडून बघलंस काय? कॉलेजात नखां कापून घेतल्यानी की काय तुझी?"

सातही झाडांची साल खरवडली. प्रत्येकीखाली हिरवं होतं.

अर्बाबसमोर उभा राहिलो. "गलती मेरा. वो जिंदा था."

त्यांनी खड्ड्यात वाकून बघितलं. "बाकी सात?"

"जिंदा."

"तो यल्ला, चलो, पानी दो."

तीन आठवड्यांनी पालवी फुटली. फोटो पाठवला तेव्हा अण्णांनी तो शेजारपाजारी दाखवला म्हणे.

पेकान सगळ्यांत उशिरा जागा होतो, हे आता मला ठाऊक आहे. तो जागा होताना मला इथे असावंसं वाटतं. म्हणून एप्रिल-मेमधली रजा मी सोडली. झाडं झोपलेली असताना, जानेवारीत गावी येतो. आई रागावते, "आंब्याच्या दिवसांत येवक नाय, आणि मोहराक येतंस?"

खरं आहे तिचं. तीन वर्षांत घरचा आंबा खाल्ला नाही. ज्या झाडांना विचारून माणूस रजा मागतो, ती असतील तिथे त्याचं घर असावं. माझी आता घरं दोन आहेत, आणि दोन्हींचे मोसम जुळत नाहीत.