कोपऱ्यातलं उजाडणं
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की सोलापुरातली ती दुपार आठवते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी सकाळीच निघाली होती आणि पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत भाऊ तिला नवा कोरा टॅबलेट दाखवत होता. चित्र यायच्या आधी स्क्रीन काळी झाली. "ह्या कोपऱ्यात उजाडल्यागत का दिसतंय रं?" आईनं विचारलं. भावाचा चेहरा उतरला. डोळा वाया गेला, असंच आम्हा दोघांना वाटलं. मी वाकून पाहिलं, तर काळ्या काचेच्या कडेनं खरंच फिकट पिवळा उजेड झिरपत होता. "व्हय गं आई, तितं उजेड हाय," मी म्हणालो. स्क्रीनमधल्या त्या दोषामुळं दुकानदार टॅबलेट बदलून द्यायला तयार होता, आम्हीच नको म्हणालो. अजूनही तो लावला की आई आधी त्या कोपऱ्याकडं बघते आणि हळूच म्हणते, "उजाडलं."