उन्हातले सेल

हा नवा मीटर मला आवडलेला नाही. मागच्या खोलीत हौसेनं टेबल मांडलं, वर दिवा लावला, तारा जोडायची सोल्डरगन ठेवली आणि मग या आगाऊ पिवळ्या डब्याला घरात आणलं. तेव्हापासून दिसेल त्या वस्तूला दोन काड्या टोचून हा चहाड्या करतोय. घड्याळाचा सेल संपत आलाय, टॉर्चचा गेलाय. विचारणारा मीच, कबूल. पण म्हणून इतकं तोंडावर सांगायचं?

काल बाबांच्या रेडिओतले सेल त्याला दाखवले. आकडा बघून मी म्हणालो, "बाबा, मेलेत हे. टाकून देतो."

"उन्हात ठेव. चालतील."

माझं डोकं फिरलं. "अहो, आकडा बघा ना! तो काय खोटं बोलतोय?"

बाबांनी आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चारही सेल उचलून त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले, आयुष्यभर मांडत आलेत तसे.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनीही असाच एक आकडा दाखवला होता, बाबांच्या हृदयाचा. अशाच कोरडेपणानं. मोजता आलं की या लोकांना वाटतं, सगळं कळलं.

संध्याकाळी त्याच सेलवर बातम्या लागल्या, खरखरत का होईना. आज सकाळी सेल पुन्हा कट्ट्यावर आहेत आणि त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बाबा पाठीवर ऊन घेत बसलेत. मीटरला मी ड्रॉवरमध्ये कोंबलंय.

खबरदार, एक शब्द बोललास तर.